बाबांची पेटी

फळीवरची एक पेटी गायब होती आणि पाहुणे जिना चढत होते.

लेक फळीकडे धावली. फळीवर वीस तारा, तारांवर जागोजागी इवल्याशा पेट्या. प्रत्येक पेटीचं काम एकच: दोन तारांवरचे आकडे ताडून बघायचे, लहान वर पाठवायचा, मोठा खाली. वेगवेगळ्या तारांवरच्या पेट्या एकाच ठोक्याला चालतात. त्यामुळे पेट्या किती, याला कोण विचारतो? किती ठोक्यांत आकडे ओळीने लागतात, ते महत्त्वाचं. मांडणी विकत घ्यायला आलेल्या पाहुण्यांना बारा ठोके हवे होते. तिची मांडणी तेरा घेई. सात महिने डोकेफोड करूनही तो मेला तेरावा ठोका हलेना. आज बारा झाले नाहीत, तर बाबांनी उभ्या केलेल्या या कार्यशाळेला कुलूप.

मांडणीचा पहिला भाग बाबांचा, उरलेला तिचा. आपल्या भागातली पेटी न पेटी तिने उपटून पाहिली होती. बाबांच्या भागाला मात्र बोटही लावलं नव्हतं. बाबा गेले तरी त्यांचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जोडणी करणाऱ्या मावशी बाबांच्या वेळेपासूनच्या. तिथली एक पेटी काढून बघ, असं त्यांनी दोनदा सुचवलं, तेव्हा तिने त्यांना पुढे बोलूच दिलं नव्हतं. आज सकाळी मावशींनी तिला न विचारताच ती काढली होती. त्या पेटीपायी मागच्या पेट्या एक ठोका ताटकळत होत्या, त्याही पुढे सरकवून टाकल्या होत्या.

"बाबांच्या कामाला हात लावलात?" तिचा आवाज चिरकला.

मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, आधी चालव, मग काय ओरडायचं ते ओरड.

पेटी परत जोडायला वेळच नव्हता. पाहुणे खुर्च्यांवर बसले. तिने देवाचं नाव घेऊन कळ दाबली. शून्य आणि एक यांच्या सगळ्या जुळण्या नीट लागल्या, की कुठलेही आकडे लागतात, हा या धंद्यातला नियम. वीस तारांच्या अशा जुळण्या दहा लाखांच्या वर. सगळ्या लागल्या. चूक शून्य, ठोके बारा. पाहुण्यांतल्या थोरल्या बाईंचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा बाराच! मग मात्र त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

पाहुणे गेले तशी तिने मावशींना घट्ट मिठी मारली. हसू आणि रडू एकदमच आलं. सात महिने जे मला कळलं नाही ते तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं.

"मला कुठलं कळतंय? तुझे बाबाच म्हणाले होते, 'ही पेटी बिनकामाची आहे, पण जागा मोकळी दिसली की येणारा जाणारा विचारतो, एक राहिली का? सांगून सांगून तोंड दुखलं माझं, लावून टाका एकदाची.'"