पहाटेचा बिघाड

मिलिटरीच्या लिलावातली ती डिझेल व्हॅन रोज पहाटे चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. पदू बदलापुराहून ती तिसऱ्यांदा सिंधी वस्तीतल्या कॅम्प चारला लधाराम मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये घेऊन आला होता. लधारामने बटण दाबलं आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"बघा! हितं आली की शहाणी होते. मलाच खोटं पाडते," पदू वैतागला.

"अरे साईं, इतकी चालवत आणली. गरम गाडी में बीमारी कैसे दिखेगी? आज इथंच सोड. सकाळी थंड असताना मी बघतो."

पदू दमून गॅरेजातल्या फळीवर बसला.

घरी त्याच्या बायकोची, चंद्रीची बोटंही पहाटे वळायची नाहीत, काडेपेटीही धरवायची नाही. दोनदा त्यानं तिला दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही वेळा दुपारी. डॉक्टर म्हणाले, काही नाही. तेव्हापासून तो तिला रोज सुनावायचा, "नाटकं पुरे."

गाडी तिथंच सोडून तो थेट दवाखान्यात गेला.

"डॉक्टरसाहेब, तिला आता आणत नाही. उद्या पहाटे तुम्हीच घरी या. तिनं चूल पेटवायच्या आत."