कॅसेटमधले तात्या

लग्नपत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत छापलं म्हणून गुंडाअप्पांचे थोरले बंधू तात्या रुसले आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नाला आलेच नाहीत. चुलताच लग्नात दिसला नाही, तर पाव्हण्यांत अब्रू ती काय राहणार? गुंडाअप्पांनी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं मिक्सिंग करणाऱ्या सांगलीच्या मुकुलला गाठलं. त्याच्याकडं नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यानं कुठल्याशा जुन्या लग्नाच्या कॅसेटमधून तात्यांना उचललं आणि अलगद नवरीच्या मागं आणून उभं केलं.

कॅसेट बघायला भावकी जमली आणि नेमके तात्याही दारात हजर! गुंडाअप्पांना कळून चुकलं, आता बिंग फुटणार आणि भाऊ जन्माचा तुटणार. पण भरल्या घरात टीव्ही बंद तरी कसा करायचा?

मंगलाष्टकं सुरू झाली. टीव्हीतले तात्या हसतमुखानं अक्षता टाकत होते. सतरंजीवरचे तात्या पापणी न लववता त्यांच्याकडं बघत होते.

"गुंडा, मागं घे रं जरा."

गुंडाअप्पांनी कॅसेट मागं घेतली. तात्यांनी टीव्हीला नाक लावून पुन्हा सगळं पाहिलं, उठले आणि पायात चपला सरकवल्या.

"आवं तात्या, ऐका तरी..."

"काय ऐकू? व्याह्याच्या ड्रायव्हरला सुदीक फेटा, आन् थोरल्या भावाच्या डोक्याला साधी टोपी! ह्याच्यासाठी आलो व्हतो व्हय रं मी लग्नाला?"