चौथ्या दिवशीची पट्टी

मेट्रनबाईंनी पट्टी सोडली आणि पदर नाकाला लावला. "अगं बाई! हे काय साचलंय?"

नवऱ्याच्या टाचेवरच्या जखमेत पिवळट, बुळबुळीत थर होता. बाई होत्या आया, पण तीस वर्षं दवाखान्यात जखमा पुसल्या म्हणून गल्लीनेच त्यांना मेट्रन करून टाकलं होतं. नवरा शिंपी. आठ महिने झाले तरी त्याची जखम काही भरेना. पाय कापण्याआधीचा हा शेवटचा उपाय होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याच पोटातली थोडी चरबी काढली, तिच्यातल्या पेशी एका पातळ पट्टीवर पसरल्या आणि ती जखमेवर बसवली. आठवडाभर उघडायची नाही, असं बजावलंही होतं. पण चौथ्याच दिवशी वरची पट्टी ओली दिसली, मग बाईंना कुठला धीर!

"अगं, नको म्हणाल्यात त्या," नवरा म्हणाला.

"त्यांचं वय नसेल एवढी माझी नोकरी झालीय. गप पडा!"

बाईंनी औषधी पाण्यात बोळा बुडवला आणि लालभडक मांस दिसेपर्यंत जखम घासली. नवऱ्याने उशी दातांत धरली.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखम उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. "आतली पट्टी कुठंय?"

"आत नुसती घाण होती. कणभर ठेवली नाही मी!"

"घाण नव्हती हो ती. पट्टीच होती. ती विरघळून जखमेत मुरते. तुम्ही सगळ्या पेशी पुसून टाकल्यात."

"मग परत घाला ना! ह्यांच्या पोटात नसेल, तर माझी चरबी घ्या. हवी तेवढी आहे!"

डॉक्टरीणबाई ऐकत नव्हत्या. त्या जखमेची कड निरखत होत्या. घरात एवढी जाणती बाई, म्हणून पुढचा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"जखम नेहमी अशीच घासता?"

"म्हणजे काय! सकाळ-संध्याकाळ. ते चार दिवस सोडले, तर आठ महिन्यांत एकदा चुकवलं नाही," बाई सवयीने, तोऱ्यातच बोलून गेल्या.

"अहो, रोज दोनदा नवं मांस खरवडून काढलंत. मग जखम भरणार कधी?"

काहीतरी करायचं म्हणून बाईंनी नवी पट्टी उचलली आणि टाचेकडे हात नेला.

नवऱ्याने पाय मागे ओढून घेतला.