विमा बंद केल्याचं पत्र

"तोंडी नको साहेब, लेखी द्या," लॉर्ना म्हणाली.

टायर कारखान्याच्या फाटकावर मॅनेजर हॅडली स्वतः येऊन उभा होता. संपाचा अकरावा दिवस. यंत्रात दोघांची बोटं गेली, तरी मालक यंत्राला जाळी बसवेना, म्हणून हा संप. हॅडलीने आत्ताच कर्ण्यावरून सांगितलं होतं, संपावर आहेत त्यांचा आरोग्य विमा महिनाअखेरीला बंद. बायकापोरांचासुद्धा. कामावर या, त्या दिवशी चालू.

ओहायोतल्या त्या गावात एवढ्यावर भलेभले वाकतात. विम्याशिवाय दवाखाना परवडत नाही, म्हणून इथे माणूस पगारासाठी राबत नाही, विम्यासाठी राबतो. मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. तो मजुराचा गळा धरत नाही, त्याच्या आजारी पोराचा धरतो.

लॉर्नाची मुलगी जोसी नऊ वर्षांची. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. लॉर्नाच्या नवऱ्याने, ड्वाइटने, गळ्यातली संपाची पाटी काढलीसुद्धा होती.

"मी आत जातो, लॉर्ना. जोसीचं औषध थांबलं तर?"

"नाही थांबणार. पाटी घाल गळ्यात."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझं फिरलंय. गप्प उभा राहा."

हॅडलीला हसू आवरेना. "लेखी कशाला बाई? फ्रेम करून लावणार?"

"लावीन की. तुम्हाला काय त्याचं?"

"शाळेत पोरांना मॅकरोनी वाढता ना तुम्ही? तेवढंच करा. कायदा आमच्यावर सोडा."

"सोडला. तुम्ही फक्त लिहा. ड्वाइट प्रूइट, लॉर्ना प्रूइट, जोसी प्रूइट. तिघांचा विमा कंपनीने एकतीस मार्चला बंद केला. तारीख घाला, सही करा."

हॅडलीला कल्पना आवडली. छापील कागदावर बायकोचं, पोरांचं नाव दिसलं की आणखी दहाजण मुकाट्याने आत येतील, असा त्याचा हिशेब. त्याने ऑफिसातून कागदांचा गठ्ठा मागवला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून ऐटीत सही ठोकली आणि कर्णा तोंडाला लावला.

"आणखी कुणाला हवंय?"

संपकऱ्यांच्या बायका पुढे आल्या. वृद्धाश्रमातल्या आया, टपाल कचेरीतली डेबोरा, नगरपालिकेत बिलं फाडणारी विनी, शाळेच्या बसवरच्या दोघी. एरवी यांच्या नोकऱ्यांना गावात कोण विचारतो? कारखान्याचा विमा नवऱ्याचा, त्यात सगळं घर, ही बापजाद्यांपासूनची रीत. स्वतःच्या नोकरीतला विमा या बायका दरवर्षी 'नको' म्हणून परत पाठवत. 'नको'च्या चौकोनात खूण, सही, विषय संपला.

एकेचाळीस पत्रं झाली. हॅडलीने हात झटकला. "झालं समाधान? आता नवऱ्यांना आत पाठवा."

एकही नवरा हलला नाही. सगळे आपापल्या बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

लॉर्नाने पत्राची घडी घालून ड्वाइटच्या खिशात कोंबली. "शाळेच्या ऑफिसात नेऊन दे, आत्ताच्या आत्ता. पहिल्या तारखेपासून तिघंही माझ्या विम्यात. हप्ता माझ्या पगारातून, किराणा युनियन देते त्या तुझ्या संपाच्या भत्त्यातून. संप मिटला की बघू कुणी किती भरायचं."

"अगं, पण शाळेचा विमा मध्येच कुठे घेता येतो? तो तर फक्त नोव्हेंबरात..."

"विमा काढणार अशी कुणकुण कालच लागली होती. सकाळी शाळेच्या ऑफिसात विचारलं, तिथल्या बाईने तेच सांगितलं," लॉर्ना म्हणाली. मग ती हॅडलीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "नोव्हेंबरापर्यंत आमच्या नोकऱ्यांतल्या विम्याचं दार कुणालाच उघडणार नव्हतं साहेब. नवऱ्याच्या मालकाने विमा काढून घेतला, असं त्याच्याच सहीचं पत्र आणलं, तरच उघडतं."