पाहुण्याचा बाण

"खुर्ची नको, मी चटईवरच बसतो," अनुलाक म्हणाला. तोवर निळी प्लास्टिकची खुर्ची त्याच्या पाठीमागे येऊन ठेपली होती.

सगळं गाव चटईवर आणि हा एकटा वर. बाकीचे टोपलीतल्या चिकट भाताचे मुटके तिखट चटणीत बुडवत होते. त्याच्यापुढे पाव, उकडलेली अंडी, काटा-चमचा आणि बाटलीतलं पाणी. बुआफान आत्याला ते बघवेना. तिच्या सख्ख्या भावाचा हा मुलगा. भाऊ तरुणपणी मेकाँग ओलांडून गेला, अमेरिकेत राहिला आणि तिकडेच वारला. मुलगा चाळिशीत पहिल्यांदा लाओसमधल्या बापाच्या गावी आला, तोही देशभरचे सण बघत बघत.

"नव्या वर्षाला लुआंग प्रबांगला होतो," तो अडखळत्या लाओ भाषेत सांगत होता. "देवळात परदेशी माणसाचं तिकीट काढायला लावलं. म्हटलं, अहो, मी लाओच आहे. तर बाई म्हणते, हो का? छान बोलता हं तुम्ही!"

सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

"बाणांचा सण झाला की निघतो, आत्या. पुन्हा येणं होईलसं वाटत नाही. पाहुण्याने किती राहायचं?"

बुआफानने हातातला मुटका परत टोपलीत ठेवला. पाहुणा म्हणे! तिने तिथल्या तिथे ठरवलं, भावाचा मुलगा या गावातून पाहुणा म्हणून जाणार नाही. आणि तिने ठरवलं की ठरवलं. तिच्या दोन्ही नवऱ्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला थित पेंगकडे घेऊन गेली. पावसाळ्याच्या तोंडावर आभाळाला जागं करायला गाव जे बांबूचे बाण सोडतं, ते हा म्हातारा करायचा.

"हा बाण करणार आहे," ती म्हणाली. "स्वतःच्या हातांनी."

"पाहुण्यांचे हात काळे होतील की."

"होऊ देत."

अनुलाक झपाटल्यासारखा कामाला लागला. कोळसा कुटला, सोरा मिसळला, बांबूत दारू ठासून ठासून भरली. तळहातांना फोड आले तरी थांबला नाही.

"उडाला तर काय करतात?" त्याने विचारलं.

"खांद्यावर घेऊन नाचवतात."

"आणि नाही उडाला तर?"

"चिखलात! तो बघ खड्डा. मागच्या वर्षी मला टाकलं मेल्यांनी. आठवडाभर कानातून माती निघत होती."

"मलाही टाकतील?"

"छे, छे! पाहुण्याला कोण टाकतंय?"

 अनुलाकच्या दारू ठासण्याचा आवाज तेवढा वाढला. बुआफान दाराशी बसून दोघांचं बोलणं ऐकत होती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी गावप्रमुख तिच्याकडे आला. 

"पाहुण्यांचा बाण उडालाच पाहिजे, बुआफान. आजूबाजूची सगळी गावं येणार. पाहुण्यांची फजिती झाली तर आपण तोंड कुठे दाखवायचं?"

"बाण माझ्या घरी राहील. कुणी हात लावायचा नाही."

"मग तुझ्यावर सोडू ना?"

"सोड."

सकाळी बुआफान सगळ्यांच्या आधी उठली. भात वाफवला, बाणाची व्यवस्था लावली, ठेवणीतलं रेशमी वस्त्र नेसली. देवळात बुद्धापुढे मेणबत्ती लावून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून बसली.

शेतात नुसता कल्लोळ होता. ढोल, बांबूचे पावे, बायकांची चावट गाणी, बायकांचे कपडे घालून नाचणारे बाप्ये. एकामागून एक बाण आभाळात गेले. शेजारच्या गावच्या गड्याचा बाण तिरका जाऊन झाडात अडकला, तेव्हा पोरांनी त्याला हातापायांना धरून खड्ड्यात फेकलं. त्याने वर येताना दोघांना आत ओढलं. अनुलाक खड्ड्याच्या काठी मांडलेल्या खुर्चीवरून बघत होता. मांडीवरचा कॅमेरा त्याने उचललासुद्धा नाही.

मग त्याची पाळी आली. बांबूच्या मचाणावर बाण चढला. वात पेटली. थोडा धूर, एक फुस्स असा आवाज, आणि बाण होता तिथेच बसून राहिला.

ढोल थांबले. थित पेंगचं तोंड उतरलं. बाह्या सरसावलेली पोरं आपापल्या पायांकडे बघू लागली.

प्रमुख हात जोडून पुढे आला. "काही हरकत नाही, पाहुणे. हवाच वाईट आहे आज. या, खुर्चीवर बसा. अरे, काहीतरी थंड आणा रे!"

अनुलाक मान खाली घालून खुर्चीकडे वळला. त्याचा चेहरा बघितला आणि बुआफान उठली.

"आधी ती खुर्ची उचला!" ती कडाडली. "हा फोनसाईचा मुलगा आहे, माझ्या भावाचा. याच्या बापाला या खड्ड्यात किती वेळा बुचकळलंय, विचारा त्या थित पेंगला! घरच्या माणसाचा बाण पडला की काय करतात, विसरलात का रे?"

कुणी हललं नाही. तेव्हा तिने दोन्ही हात भाच्याच्या पाठीवर टेकवले आणि जीव खाऊन ढकललं.

तो खड्ड्यातल्या चिखलात तोंडावर आपटला.  मग अख्खं शेत ओरडलं आणि पोरांनी धडाधड उड्या मारल्या. "अरे फोनसाईच्या, धर त्याला! पाय धर!" थित पेंग आपण होऊन उतरला. प्रमुखाला अनुलाकनेच ओढलं. तो हसत होता आणि रडतही होता, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. नंतर तो तसाच चिखलाने माखलेला चटईवर बसला आणि एकाच टोपलीत सगळ्यांबरोबर हात घालून जेवला.

संध्याकाळी बुआफानने त्याला अंगणात बसवून लहान मुलासारखा घासला.

"आत्या, मी पुढच्या वर्षी येतोय. दरवर्षी येणार. आणि पुढचा बाण उडवूनच दाखवीन. या खेपेला माझं चुकलं कुठे, तेच कळत नाही."

"तुझं काही चुकलं नाही," त्याच्या कानातला चिखल काढत ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी त्यात पाणी ओतणार नाही."