फलकावरचा माणूस

"अवो, टोपी वढा खाली! अजून खाली!" ठकूबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

सहदेवने टोपी भुवयांपर्यंत ओढली. पोलादपूरच्या कचेरीत दोघं बाकावर बसली होती. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, सहदेवच हसत होता, चांगला दहा फुटी. 'एका पायाने जग जिंकणारे आमच्या वाडीचे भूषण श्री. सहदेव यांना नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली मुंबईकर मंडळाच्या सतरा जणांचे फोटो.

हौस दांडगी हो मंडळाची! गेल्या महिन्यात पूजेला गावी आले, सहदेवला शाल दिली, नारळ दिला, आणि फलक लावला तो नेमका कचेरीसमोर. अपंगांचे महिन्याचे पैसे याच कचेरीतून मिळतात आणि काम लागलं की इथेच कळवायचं असतं, याचा त्या शहाण्यांना पत्ताच नव्हता. ठकूबाईने मंडळाच्या किशोरला फोन करून फलक उतरवायला सांगितलं. "काय वहिनी, लाजता काय!" म्हणाला.

लाज कसली मेली, भीती होती. हायवेवरच्या हॉटेलात सहदेव बसून कांदे चिरायचा. पावसात आंबेनळी घाट बंद पडला की गिऱ्हाईक बंद आणि कांदेही बंद. त्यातून शेठ आत्ताच कुरकुरत होता, हा रोज उशिरा येतो म्हणून. सहदेव म्हणे, वाडीवरून माणसं भरून येणारा मिनिडोर वेळेवर मिळत नाही. असली नोकरी टिकणार किती? आणि सरकारचे पैसे एकदा तुटले, तर परत चालू होईपर्यंत खायचं काय? कचेरीचं बोलावणं आल्यापासून दोन दिवस ठकूबाईला घास गेला नव्हता.

"सहदेव कोण?" टेबलामागून रेश्मा मॅडमनी विचारलं. तो कुबडी टेकत पुढे गेला. "काम करता काही?"

"नाय ओ," ठकूबाईच बोलली. "घरीच बसून असत्यात."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मग सहदेवकडे पाहिलं. "आणि तो फलकावरचा?"

"त्यो त्यांचा चुलतभाव! त्या घरात समद्यांची नाकं सारखीच."

मॅडमनी कागद पुढे सरकवला. "काम नाही, कमाई नाही, असं यात लिहिलंय. खरं असेल तर सही करा."

ठकूबाईने पेन नवऱ्याच्या हातात कोंबलं. सहदेवने ते कागदावर टेकवलं. हात पुढे जाईना. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या नावाआधी 'श्री.' लावलं होतं. त्याला रडूच यायला लागलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि टोपी काढली.

"चुलतभाव नाय, मॅडम. मीच हाय त्यो."

ठकूबाईने कपाळाला हात लावला. सहदेव तिच्याकडे वळला.

"मिनिडोर रोज येळेवर मिळतो गो. मीच आधी हितं उतरतो, त्या फलकावरल्याला बघायला. मग फुडं हॉटेलापतूर कुबडीवर चालत जातो."