खुंट कोण?

त्रेसष्ट साली विलायतेहून शिकून आलेले प्राध्यापक देवस्थळी चामराजपेटेतल्या आपल्या परसात उभे राहून माळीणबाईला विज्ञान समजावत होते. ठकुबाई बदामी आंब्याचं कलम बांधत मान वर न करता ऐकत होती.

"तिकडे बेडकाच्या एका पेशीतून हुबेहूब तसाच बेडूक काढलाय. उद्या माणसंही निघतील. माझ्यासारखी शंभर!"

एक काय कमी होता, हे ओठांवर आलेलं ठकुबाईने सुतळीच्या गाठीबरोबर आवळून टाकलं.

"हे तर कलमच झालं की, साहेब. मग खुंट कोण?"

"खुंट?"

"हे खालचं गावठी रोप. मुळं ह्याची, पाणी हेच ओढतंय, आणि नाव वरच्या फांदीचं. तुमच्या कलमाला नऊ महिने पोसणार कोण?"

"कुणीही बाई चालेल," साहेब हसले. "तिचं काही येतच नाही त्यात. मूल बापाचं, नावही बापाचं."

ठकुबाईने तोंडातली तंबाखू साहेबांच्या चपलेपासून वीतभरावर थुंकली.

"मग नवीन काय काढलंत? आमचे अंगठेबहाद्दर मालक विलायतेला न जाता सहा बारी हेच करून बसल्यात की!"